खारवलेले बूट

रविवार, होळीच्या आधीचा. साल एकोणीसशे त्रेपन्न. स्थळ कल्याण, खाडीच्या बाजूचं मैदान. हजर: ठाण्याच्या आमच्या गिरणीच्या फुटबॉल संघातले दहा खेळाडू आणि राखीव दोघे, आमचे वेल्फेअर ऑफिसर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, ठाण्याहून लॉऱ्या भरून आलेले कामगार, पंच, आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी. पेटीत कापूस, आयोडीन, बँडेजं, कात्री, लिंबं, ग्लुकोज. पेटी मी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती आणि निघताना पुन्हा उघडून पाहिली होती. तिच्यात काही कमी नव्हतं. तरी सकाळपासून मी सारखी रस्त्याकडे बघत होते. अकरावा खेळाडू आला नव्हता, आणि त्याच्या बुटांचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

अकरावा म्हणजे दादूस. आगरी लोकांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात. गिरणीत मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा तो दादूसच होता. डोंबिवलीच्या खाडीकाठचं गाव, आजा-बापापासून मिठागरात राबणारं घर. ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्याच्यासारखा सेंटर फॉरवर्ड नाही, असं लोक म्हणत. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला कळायचे ते पाय, कारण मी गिरणीच्या दवाखान्यात नर्स होते.

आमची ओळखही पायांमुळेच झाली. मी नुकतीच नोकरीला लागले होते. जेवणाच्या सुट्टीत दारात एक उंच, काळाभोर माणूस उभा राहिला. काखेत चपला, हातात बाटली.

"बाय, घमेला हाय का एखादा?"

बाकी सगळे मला सिस्टर म्हणत. हा पहिल्या दिवसापासून बाय म्हणाला आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिला.

"घमेलं कशाला हवंय?"

"पाय ठेवाचे हान."

बाटलीत मिठागरातलं खारं पाणी होतं. ते त्यानं घमेल्यात ओतलं, बाकावर बसून दोन्ही पाय त्यात सोडले आणि डोळे मिटले. मी विचारलं, काही लागलंय का, दुखतंय का. तो म्हणाला, "नाय. त्यांना घरची सय येते." त्यानंतर ते घमेलं त्याचंच झालं. मी त्यावर लाल रंगानं 'पाय' असं लिहून ठेवलं, चुकून दुसऱ्या कशाला वापरलं जाऊ नये म्हणून.

चपला तो कधी घालत नसे. साहेबांच्या खोलीत अनवाणी यायचं नाही असा दंडक होता, म्हणून दारापर्यंत काखेत आणायचा, दारात घालायचा, बाहेर पडताच परत काखेत. "चपला सायबाला दाखवाच्या असतात," म्हणायचा. उन्हाळ्यात डांबर वितळलं की रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालायचा. डांबरानं पाय बहिरे होतात असं त्याचं म्हणणं. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मैदानात एकटाच फिरून यायचा आणि संघाला सांगायचा, उजव्या कोपऱ्यात भुई पोकळ आहे, तिथं बॉल उडणार नाही. दुसऱ्या दिवशी बॉल तिथं उडत नसे.

पायांना मात्र कोणी हात लावलेला त्याला चालायचा नाही. एकदा मुंबईच्या एका मोठ्या संघाला हरवून आले, तेव्हा ठाण्याच्या बाजारात नवरात्राची गर्दी होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तोवर ठीक होतं. मग एक म्हातारी हळदकुंकू घेऊन त्याच्या पायांशी वाकली, तसा हा खांद्यावरून उडी मारून जो पळाला, तो तलावापर्यंत थांबला नाही. ज्या माणसाला सगळी मुंबई अडवू शकली नव्हती तो एका आजीबाईला भिऊन पळाला, म्हणून लोक हसले. मी हसले नाही. मला एक वेगळी गोष्ट ठाऊक होती.

दादूसला स्वप्नं पडत. स्वप्नात तो मैदानात उभा असे, बॉल समोर असे, आणि खाली पाहावं तर पाय नसत. म्हणून प्रत्येक सामन्याआधी तो माझ्या पेटीजवळ यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि खालच्या आवाजात विचारायचा, "बाय, बग जरा. माजं पाय हान ना?"

पहिल्यांदा मला थट्टा वाटली. त्याचा चेहरा पाहिला आणि थट्टा नाही हे कळलं.

"आहेत."

"दोनी?"

"दोन्ही आहेत. जा आता."

मग तो जायचा आणि खेळायचा. लोक म्हणत, त्याच्या पायांना डोळे आहेत. कलकत्त्याच्या एका संघानं त्याला बोलावून घेतलं होतं, तर आठवड्याच्या आत परत आला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "ती भुई गुलगुलीत. आपल्याशी बोलतच नाय." साहेबांनी कपाळाला हात लावला. पण खरं कारण भुई नव्हतं, असा मला दाट संशय आहे. तिथं सामन्याआधी विचारायला कोणी नव्हतं.

आता बुटांचं सांगते.

त्या काळी आपल्याकडचे पुष्कळ खेळाडू अनवाणी खेळत. पायाला फार तर पट्टी बांधत. मग परदेशात थंडीच्या मैदानावर आपल्या अनवाणी संघाची दाणादाण उडाली, आणि वरून हुकूम सुटले: यापुढे बूट. आमच्याकडे तो नियम त्या वर्षीच्या अंतिम सामन्याला लागू झाला. पंच सामन्याआधी प्रत्येकाचे पाय तपासणार होते.

दादूस तेव्हाही बदली कामगारच होता. संघात चांगला खेळतो म्हणून गिरणीत घेतलेला, दर वर्षी 'यंदा कायम करू' असं ऐकणारा. "मिठागर चार मयन्यांचा, प्वाट बारा मयन्यांचा," असं तो हसत म्हणे; पण घरी म्हातारा बाप आणि बायको-मुलं होती, आणि त्याचंही वय तिशीच्या पुढं सरकत होतं. त्या वर्षी साहेबांनी त्याला बोलावून स्पष्ट सांगितलं. "अंतिम सामना बूट घालून खेळलास तर कायमची ऑर्डर माझ्याकडे तयार आहे. नाही तर सेंटरला माहीमचा पोरगा, आणि तुला गिरणीत ठेवायचं कारण मी वर काय सांगू?"

माहीमचा म्हणजे संघात नवा आलेला फॉरवर्ड. चांगल्या बुटांचा, भांग पाडलेला, जिभेचा तिखट. बुटांना पॉलिश करता करता म्हणायचा, "दादूस, तुमच्या पायांनाच काळं पॉलिश मारू. पंचाला काय कळतंय."

"तुज्याच बुटाला मार," दादूस म्हणायचा. "बॉल काय त्यान थोबार बगनार हाय?"

सगळे हसायचे. मग दादूस दवाखान्यात येऊन घमेल्यात पाय सोडून बसायचा, आणि आता डोळे मिटायचा नाही. पायांकडे बघत राहायचा.

तयार बुटात त्याचा पाय जाईना. बोटं पंख्यासारखी पसरलेली. साहेबांनी मुंबईहून आणवलेला सगळ्यात मोठा जोड टाचेशीच अडला. कोणी तरी सांगितलं की विठ्ठलवाडीजवळच्या निर्वासितांच्या कॅम्पात सिंधहून आलेला एक म्हातारा जोडे बनवतो, पायाबरहुकूम. साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जा बरोबर. तुमचं तो ऐकतो." मला कल्याणला औषधांचं काम होतंच. ते उरकून टांग्यानं गेलो.

पत्र्याखाली गोणपाट अंथरून म्हातारा बसला होता. "पैर आगे करो, साईं."

दादूसनं पाय मागे घेतला. "हात नाय लावाचा."

"हाथ नहीं लगाऊँगा तो जूता क्या हवा में बनाऊँ?" म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दादूसकडे पाहिलं. दादूसनं बाहेर पाहिलं. नळाजवळ चिखल होता. तो सरळ उठला, चिखलात दोन्ही पाय रोवून उभा राहिला, आणि जपून बाजूला झाला. म्हातारा उकिडवा बसून सुतळीनं ते ठसे मापू लागला. बराच वेळ मापत राहिला.

"यह पैर है कि नाव का चप्पू?"

"चप्पू तं चप्पू, वल्हा तं वल्हा," दादूस म्हणाला. "पन कोनाला बुरवत नाय."

बूट सुरेख झाले. मऊ कातडं, रुंद पंजा. देताना म्हाताऱ्यानं दोनदा बजावलं की यांना पाण्यापासून जपा आणि तेल देत जा. मी तसं चिठीवर लिहून चिठी बुटात खोचली. दादूस मान डोलावत होता. बूट त्यानं काखेत मारले होते.

सरावाला ते घालून उतरला आणि पहिल्याच दिवशी मला धडकी भरली. तो चालत होता तो अंधारात भिंत चाचपडणाऱ्या माणसासारखा. बॉल त्याच्या पायावर येऊन भलतीकडे जायचा. माहीमच्यानं दोनतीन टोमणे मारले, मग मारायचे थांबवले. ते थांबवणं टोमण्यांहून वाईट होतं. सराव संपल्यावर दादूस माझ्याजवळ आला. "मना आंधला झाल्यावानी वाटतंय, बाय. आत काय चाललाय कलतच नाय."

"सवय होईल. कातडं अजून नवं आहे."

"कातरा कच्चा हाय," तो विचार करत म्हणाला. "घरवायला पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यानं आठवड्याची रजा टाकली आणि बूट घेऊन गावी गेला. कातडं घडवायला पाहिजे, हे त्याचं शेवटचं वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवत होतं. साहेब रोज विचारत, "काही निरोप?" निरोप नव्हता.

तर तो रविवार, कल्याणच्या संघाशी अंतिम सामन्याचा. पंच खेळाडूंना ओळीत उभे करत होते. साहेबांनी माहीमच्याला सेंटरला उभं राहायला सांगितलंही होतं. तेवढ्यात खाडीच्या बाजूनं दादूस येताना दिसला. होडीनं आला होता. पायांत बूट होते. लॉऱ्यांतले लोक उठून उभे राहिले आणि त्याच्या नावाचा गजर झाला. मला मात्र गजराच्या आतून दुसराच आवाज ऐकू आला. खट, खट, खट. खडावा घातल्यासारखा.

जवळ आला तेव्हा पाहिलं. काळे बूट पांढरे झाले होते. शिवणींवर मिठाचे खडे चमकत होते.

"काय केलंत हे?"

त्याचा चेहरा उजळलेला होता. "मिठाच्या वाफ्यान ठेवले. राती पान्यान, दिसा उन्हान. माजे पाय असंच घरले ना? आता बग, कसा टनक झालाय." त्यानं वाकून बुटावर टिचकी मारली. लाकडावर मारल्यासारखा आवाज झाला.

ज्या खाऱ्या पाण्यानं त्याचे पाय झाले, तेच पाणी कातड्यालाही घडवील, हे त्याच्या दृष्टीनं इतकं सरळ होतं की बोलायला जागाच नव्हती. साहेबांनी मला बाजूला घेतलं. "दुसरा जोड?" मी म्हटलं, "त्या मापाचा दुसरा जोड जगात नाही." पंचांनी पाहिलं, बूट आहेत म्हणून मान हलवली. दादूस पेटीजवळ आला.

"बाय, माजं पाय हान ना?"

पहिल्यांदाच मला ते दिसत नव्हते.

"आहेत," मी म्हटलं.

पूर्वार्धात तो तीनचारदा पडला. उठताना प्रत्येक वेळी खाली बघत होता. कल्याणवाल्यांनी एक गोल चढवला. ठाण्याच्या लॉऱ्यांतून कोणी तरी ओरडलं, "अरे बसवा त्याला." मी कात्री पेटीतून काढून पदराखाली धरून बसले होते.

मध्यंतराला तो स्वतःच्या पायांनी माझ्यापर्यंत आला आणि बसला. नाडी सुटेना, गाठ मिठानं दगड झाली होती. मी म्हटलं, "दादूस, आता मला हात लावावा लागेल." त्यानं मान दुसरीकडे फिरवली. मी त्याची टाच मांडीवर घेतली आणि नाडी कापून बूट ओढला.

कालवांच्या कवचांवरून धावणारे, बाभळीचा काटा ज्यांच्यापुढं मोडायचा, ते पाय. टाचेवरची आणि बोटांवरची कातडी सोलून निघाली होती आणि जखमेत मीठ भरलं होतं. मी आयोडीनची बाटली उचलली आणि परत ठेवली. पाण्यानं धुवायला लागले.

"फार झोंबत असेल."

"मीठ हाय, बाय," तो म्हणाला. "मीठ आपलाच हाय."

माहीमचा शेजारी येऊन उभा होता. भांग विस्कटलेला. "दादूस, बसा तुम्ही. सेंटरला मी जातो."

"तू बाजूनं बॉल दे. मी हाय." मग माझ्याकडे वळून, "बाय, यांना भोकं पार."

मी माहीमच्याचा चाकू घेतला आणि दोन्ही बुटांचे पंजे कापून उघडे केले. बोटं बाहेर आली. पायांना कापूस-पट्टी केली, राहिलेले बूट वरून चढवले आणि पेटीतली सगळी बँडेजं तळव्याखालून गुंडाळून आवळली. पंच येऊन वाकून बघू लागले. साहेबांनी विचारलं, "तळवा आहे, टाच आहे. बूटच आहे ना?" पंचांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "आहे म्हणायचं."

उत्तरार्ध सुरू झाला आणि थोड्या वेळात मैदानावर जुना दादूस दिसू लागला. बोटं मोकळी झाली होती. माहीमच्यानं बाजूनं बॉल दिला, यानं तो पायाच्या बोटांनी नुसता वळवला, आणि कल्याणचा गोलकीपर भलत्याच बाजूला झेपावला. बरोबरी. लॉऱ्यांवर डबे वाजू लागले. साहेबांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला, ओशाळून.

सामना संपत आला होता. माहीमच्यानं पुन्हा बॉल काढून दिला. समोर गोलकीपरखेरीज कोणी नव्हतं. असा बॉल दादूसनं कधी सोडल्याचं कोणी पाहिलेलं नव्हतं. लोक आधीच ओरडायला लागले. आणि दादूस थांबला. बॉल समोर ठेवून त्यानं मान खाली घातली आणि पायांकडे पाहिलं.

एक क्षणच. पण मागून कल्याणचा बॅक आला आणि बॉल घेऊन गेला. बॉल तसाच पुढं जाऊन आमच्या गोलात शिरला.

बँडेज सुटलं असेल, असं साहेब म्हणाले. दमला होता, असं माहीमचा म्हणाला. बँडेज सुटलं नव्हतं. मी बांधलं होतं. मी पेटी भरायला घेतली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. हरलो तरी खेळला बूट घालून, असं म्हणून त्यांनी कायमची ऑर्डर काढली. खेळ आता जमणार नाही हे दिसतच होतं, म्हणून नेमणूक गेटवर: पहारेकरी. खाकी गणवेश, शिट्टी, आणि बूट.

दादूसनं ऑर्डर माझ्याकडून वाचून घेतली. बूट या शब्दाशी मी जरा अडखळले.

"पुन्ना बूट?"

"अहो, फक्त गेटवर उभं राहायचंय. धावायचं नाही. कायमची नोकरी आहे, चाळीत खोली मिळेल. बापाला इकडे आणता येईल." मी फायदे एकामागून एक सांगत गेले. सगळे खरे होते.

तो ऐकत होता. पायांवर अजून माझी पट्टी होती. "बाय, तू पाय बगलास. आता तूच सांग."

मी ऑर्डरची घडी घातली. त्यानं काखेतून ते कापलेले बूट काढून माझ्या टेबलावर ठेवले. "हे नरम करून आन त्या बाबाकरून. नरम झालं तं घालीन. सायबाला सांग, तंवर थांब." एवढं बोलून तो मिठागरावर गेला.

मी लगेच विठ्ठलवाडीला गेले. म्हातारा रागावला नाही. बुटावरून अंगठा फिरवला, तो जिभेला लावला. "चमड़ा नमक पी गया, बेटी. मीठे पानी में डालो, छाँव में सुखाओ, फिर डालो. जब सफेदी आना बंद हो जाए तब लाना. आगे का हिस्सा नया लगा दूँगा." मीठ असेपर्यंत तो टाका घालायला तयार नव्हता, दोरा कुजतो म्हणाला.

मी गोड्या पाण्यात बूट घातले. सावलीत वाळवले. दोन दिवसांत ते पांढरे झाले. पुन्हा घातले. पुन्हा पांढरे. गेटवरची जागा साहेबांनी पावसाळ्यापर्यंत अडवून ठेवली, मग दुसरा माणूस घेतला. माहीमचा पुढं मुंबईच्या संघात गेला, नाव काढलं. मी बूट भिजवत राहिले, कारण नरम झाले की त्याला कळवायचं ठरलं होतं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गिरणी सोडून मी ठाण्यातच दुसऱ्या इस्पितळात आहे. माझ्या हाताखाली नर्सेस आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत कामांची यादी करते, तिच्यात 'बूट: भिजवणे' असतं. आणि दर वर्षी होळीच्या आसपास दादूस मीठ घेऊन येतो. अनवाणी, केस पिकलेले. उंबऱ्याच्या आत येत नाही. मिठाची पिशवी ठेवतो आणि विचारतो, "निगाला का मीठ?"

"अजून नाही," मी सांगते.

"यंदा बी नाय?" म्हणतो, आणि त्याचे खांदे सैल पडतात. मग चहा घेतो, मिठागरं कशी बुजवायला लागलेत ते सांगतो, माझ्या मुलांची चौकशी करतो. जाताना पायऱ्या उतरतो तो तरण्या माणसासारखा.

या दिवाळीत बूट भिजवले, गॅलरीत सावलीला ठेवले. दोन दिवस गेले. आठवडा गेला. काळेच राहिले. मी अंगठा फिरवून जिभेला लावून पाहिला. नुसती कातड्याची चव. पुन्हा भिजवले, म्हटलं खात्री करावी. वाळले त्यालाही महिने झाले. आजही काळे आहेत.

आता होळी जवळ आली. विठ्ठलवाडीला जायला हवं. तो म्हातारा नसेल, पण त्याच्या मुलाचं दुकान आहे म्हणतात, आणि म्हाताऱ्यानं तेव्हा दिलेली मापाची सुतळी माझ्याजवळ आहे. बूट फडक्यात गुंडाळून दाराशी ठेवलेत. दोन रविवार गेले, अजून जाणं झालेलं नाही.